मार्गदर्शन निकालाच्या आधी हवे

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांत एक चांगली प्रथा रुजली आहे. दहावी-बारावीचे निकाल जाहीर झाले की पुढच्या एखाद्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात ‘करिअर मार्गदर्शन’ आयोजित केले जाते. एखादे प्राध्यापक येतात, पडद्यावर अभ्यासक्रमांची यादी दाखवितात, गुणवंतांचा सत्कार होतो आणि चहापानाने कार्यक्रमाची सांगता होते. शाळांमधूनही असाच एखादा दिवस पार पडतो. त्यामागील युवकांचे व शिक्षकांचे श्रम मोलाचे आहेत, ह्याविषयी दुमत नाही. परंतु ज्या दिवशी हे मार्गदर्शन होते, त्या दिवसापर्यंत बहुतेक महत्त्वाचे निर्णय होऊन गेलेले असतात, ही वस्तुस्थिती आपण आता मान्य केली पाहिजे.

२०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस एक आई आपल्या मुलीला घेऊन कार्यालयात आली. मुलगी बारावी वाणिज्य शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. आई म्हणाली, “फादर, हिला बीएमएस करायचंय. कॉलेजवाले विचारतात, सीईटी दिली का? कसली सीईटी? आम्हाला कोणी सांगितलंच नाही.” मुलगी मान खाली घालून बसली होती, जणू चूक तिचीच होती.

चूक तिची नव्हती. त्या वर्षी बीबीए, बीएमएस व बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा घेतली. परीक्षेची नोंदणी बारावीच्या निकालाच्या बरीच आधी बंद झाली होती. राज्यात ह्या अभ्यासक्रमांच्या जागा लाखाहून अधिक होत्या. परीक्षेस बसलेले विद्यार्थी मात्र पन्नास हजारांच्या आत होते. परिणामी ऑगस्ट महिन्यात अतिरिक्त सीईटी घेण्याची पाळी शासनावर आली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून त्याला बी.कॉम.चे रूप दिले आणि परीक्षेतून वाट काढली. आमच्या ह्या मुलीने ऑगस्टपर्यंत थांबण्याचा धोका पत्करला नाही, साध्या बी.कॉम.ला प्रवेश घेतला.

परीक्षेची सूचना गुप्त नव्हती. ती संकेतस्थळावर होती, वृत्तपत्रांत होती. पुढे मी तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात सहज चौकशी केली, तेव्हा वर्गशिक्षकांना वाटले होते की कार्यालय सूचना लावील आणि कार्यालयाला वाटले होते की वर्गशिक्षक सांगतील. शंभर-सव्वाशे मुलांच्या त्या वर्गासाठी ‘हे काम माझे आहे’ असे म्हणणारी एकही व्यक्ती संस्थेत नव्हती. ह्या लेखाचा विषय ती न नेमलेली व्यक्ती आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा आदेश

हा प्रश्न केवळ हुकलेल्या प्रवेशाचा नाही. विशाखापट्टणम येथे वसतिगृहात राहून ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीचा जुलै २०२३ मध्ये मृत्यू झाला. तिच्या वडिलांनी न्यायासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली आणि २५ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ व न्यायमूर्ती संदीप मेहता ह्यांच्या पीठाने देशातील सर्व शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. योग्य तो कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत आणि सरकारी, अनुदानित, खाजगी अशा सर्वच शाळा, महाविद्यालये, शिकवणी केंद्रे व वसतिगृहे ह्यांना ती लागू आहेत. न्यायालयाने त्या वेळी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी समोर ठेवली होती. त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी २,२४८ जणांच्या बाबतीत परीक्षेतील अपयश हे कारण नोंदले गेले. राज्यवार पाहता महाराष्ट्र त्या यादीत प्रथम क्रमांकावर होता.

आपल्या शाळांच्या दृष्टीने त्यातील तीन तत्त्वे विशेष महत्त्वाची आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडला पाहिजे. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांसाठी मार्गदर्शक ठरवून दिले पाहिजेत, विशेषतः परीक्षांच्या काळात आणि एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना. आणि तिसरे असे की, विद्यार्थी व पालक ह्या दोघांसाठीही पात्र समुपदेशकांकडून नियमित व सुसूत्र करिअर मार्गदर्शन झाले पाहिजे. ‘नियमित’ आणि ‘पालक’ ह्या दोन शब्दांखाली प्रत्येक मुख्याध्यापकाने रेघ ओढावी. जून महिन्यातील एका रविवारचे व्याख्यान ह्या कसोटीला उतरत नाही.

न्यायालयाने मनाचे आरोग्य आणि अभ्यासक्रमाची निवड ह्या दोन गोष्टी एकाच निकालपत्रात आणल्या, हेही अर्थपूर्ण आहे. आपल्याला एकच दार आहे आणि तेही बंद झाले, असे ज्या मुलाला वाटते, तेच मूल अधिक खचते. तशीच आणखी चार दारे आहेत, हे त्याला वेळीच कळले असते तर? समुपदेशक हा समस्या असलेल्या मुलांसाठी असतो, ही आपल्या समाजातील समजूत म्हणूनच पुसली गेली पाहिजे.

दारे केव्हा बंद होतात?

पालकांची समजूत अशी की निर्णय बारावीनंतर घ्यायचा असतो. प्रत्यक्षात अनेक दारे अकरावीच्या अर्जावर विषय लिहितानाच बंद होतात. गणित अवघड जाते म्हणून ते सोडून केवळ जीवशास्त्र घेणारा विद्यार्थी अभियांत्रिकी व वास्तुशास्त्र ह्यांच्या वाटा स्वतःच मिटवून घेतो. किनारपट्टीवरील आपल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण जहाजांवर जात आले आहेत. परंतु व्यापारी जहाजावर डेक अधिकारी होण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते, हे अनेकांना अकरावी संपल्यावर कळते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, नौदल व वायुदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र लागते आणि आता राज्यात त्यासाठीही स्वतंत्र सीईटी द्यावी लागते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी ‘सीयूईटी’ सुरू झाली. तेथे दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी परीक्षेसाठी निवडलेले विषय बारावीच्या विषयांशी जुळावे लागतात.

उलट बाजूने, जी दारे उघडी आहेत ती दाखविणाराही कोणी नसतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा मार्ग हा कमी गुणांची शिक्षा नव्हे. हाताने काम करण्यात ज्याला गोडी आहे त्याच्यासाठी तो पहिल्या पसंतीचा मार्ग असू शकतो. आपल्या वाडवडिलांनी बागायती, मासेमारी, सुतारकाम ह्यांतून घरे उभी केली. मग आपल्या मुलाने कारागीर व्हावे असे सुचविले की आपला चेहरा का पडतो, ह्याचा विचार व्हावा.

प्रवेशप्रक्रियेचेही तसेच. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. मात्र पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते, अन्यथा पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते. म्हणजे पहिला क्रमांक मैत्रिणीच्या सांगण्यावरून भरला तर तो पुढची दोन वर्षे भोवतो. अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी ५० टक्के जागांचा कोटा असतो. तो आपला घटनादत्त लाभ आहे, पण त्याचा अर्ज कोठे, कधी आणि कोणत्या कागदपत्रांसह करावयाचा, हे सायबर कॅफेतील मुलाकडून ऐकण्याची वेळ आपल्या पालकांवर येते.

ह्या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. २०१६ साली शासनाने श्यामची आई फाऊंडेशनच्या साहाय्याने दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी सुरू केली. कल्पना उत्तम होती. विद्यार्थ्यांच्या हाती अहवाल पडला. परंतु तो घेऊन मुलासमोर व पालकांसमोर बसणारी, ‘तुझा कल इकडे दिसतो, पण तुला स्वतःला काय वाटते?’ असे विचारणारी प्रशिक्षित व्यक्ती अनेक शाळांत नव्हती. कागद मुलाला ओळखत नाही. मुलाला माणूस ओळखतो.

पैशाचे बोलणे

मार्गदर्शन शिबिरांत ज्या विषयावर सर्वांत कमी बोलले जाते, तो विषय म्हणजे पैसा. घरातील मिळकत, कर्ज आणि फी ह्यांचा हिशेब न मांडता केलेले मार्गदर्शन अपुरे असते. आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे उदाहरण घ्या. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील मूल, ते शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल तर ह्या परीक्षेस बसू शकते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळवू शकते. मराठी माध्यमाच्या आपल्या अनुदानित शाळांतील कितीतरी मुले ह्यास पात्र असतात. परंतु आठवीत हे सांगितले गेले नाही, तर नववीत सांगून उपयोग नाही.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग ह्यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा ‘पक्की’ करणारा बाप आपल्याच मुलीची सवलत गमावतो. खुल्या प्रवर्गातील कुटुंबास त्यासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र लागते. ते तहसील कार्यालयातून मिळवावे लागते आणि केंद्राचा व राज्याचा नमुना वेगवेगळा असतो. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून हे जमत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक गुणवत्तापूर्ण संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. आपल्या कितीजणांनी हे नाव ऐकले आहे?

ज्यांना मोबदला दुसरीकडून मिळतो

शाळेने मोकळी सोडलेली जागा मोकळी राहत नाही. तेथे शिकवणी वर्ग येतात, खाजगी विद्यापीठांचे प्रतिनिधी येतात, परदेशी वैद्यकीय शिक्षणाचे दलाल येतात. ते गोड बोलतात, शाळेच्या वार्षिक अंकाला जाहिरात देतात आणि मार्गदर्शनाच्या नावाने मुलांचे दूरध्वनी क्रमांक घेऊन जातात. अनेकदा व्यासपीठ आपलेच असते, त्यामुळे पालकांचा विश्वासही आपल्याच नावावर बसतो.

२०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा भारत सरकारला हजारो भारतीय विद्यार्थ्यांना मायदेशी आणावे लागले. त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. युद्ध कोणाच्या हाती नव्हते. पण परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आल्यावर भारतात जी पात्रता परीक्षा द्यावी लागते, तिच्यात गेल्या काही वर्षांत उत्तीर्णांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आतच राहिले आहे, हे कोणत्या दलालाने घर गहाण टाकणाऱ्या बापाला सांगितले असेल? परदेशातील अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, ह्या २०२१ च्या नियमाची तरी कल्पना दिली असेल का? मुलामागे ज्याला मोबदला मिळतो, तो मुलाचा मार्गदर्शक होऊ शकत नाही.

अमेरिकेतील खाजगी शाळांकडे ह्या बाबतीत आदर्श म्हणून बोट दाखविले जाते. तेथे महाविद्यालय प्रवेशासाठी स्वतंत्र समुपदेशक असतो. तो मुलाला दोन-तीन वर्षे भेटत राहतो आणि त्याच्याविषयी विद्यापीठाला पत्र लिहितो. शालेय समुपदेशकांच्या तेथील राष्ट्रीय संघटनेने २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी शिफारस केली आहे. परंतु त्याच देशात मार्च २०१९ मध्ये मोठा प्रवेश-घोटाळा उघडकीस आला. विल्यम रिक सिंगर नावाचा खाजगी सल्लागार धनाढ्य पालकांकडून पैसे घेऊन मुलांच्या परीक्षांचे गुण वाढवीत होता आणि कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसवीत होता. २०२३ च्या जानेवारीत त्याला साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. ह्या प्रकरणातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. लॉस एंजेलिस येथील एका कॅथलिक कन्याशाळेच्या समुपदेशकाने, आपली विद्यार्थिनी नौकानयनपटू आहे ह्याविषयी विद्यापीठाकडे शंका व्यक्त केली होती. तो त्या मुलीला ओळखत होता, म्हणूनच त्याला शंका घेता आली. अमेरिकेकडून घ्यायचे असेल तर हे घ्यावे. भपकेदार दालने आणि महागडे सल्लागार तेथेच राहू द्यावेत.

आपल्या शाळांनी काय करावे?

अडचणी मला ठाऊक आहेत. अनुदानित शाळांत अशा पदाचा पगार कोठून आणायचा, हा पहिला प्रश्न असतो. शिक्षकांवर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे आधीच लादलेली आहेत. तरीही काही गोष्टी ह्याच वर्षी करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, प्रत्येक शाळेने व कनिष्ठ महाविद्यालयाने एका व्यक्तीवर ही जबाबदारी नावानिशी सोपवावी आणि त्या बदल्यात तिच्या तासिका कमी कराव्यात. समुपदेशकाची नेमणूक तर आता टाळता येणार नाही. परंतु अभ्यासक्रम, परीक्षा व शिष्यवृत्ती ह्यांची अद्ययावत माहिती ठेवणारा तज्ज्ञ शेजारच्या चार-पाच शाळांनी मिळून नेमला तर खर्च वाटला जाईल.

दुसरी गोष्ट, काम आठवीत सुरू व्हावे. आठवीत शिष्यवृत्ती, नववीत आवड व क्षमता ह्यांची ओळख, दहावीच्या दिवाळीपूर्वी विषयनिवडीचे पालकांसमवेत बोलणे, अकरावीत परीक्षांचे वेळापत्रक आणि बारावीत अर्ज व पर्यायी मार्ग, असा क्रम ठरवून घ्यावा. दहावी व बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची, पालकांसह, वर्षातून निदान एकदा अर्धा तास स्वतंत्र भेट व्हावी. सव्वाशे मुलांसाठी ती साठ-बासष्ट तासांची बाब आहे. स्नेहसंमेलनाच्या तयारीला ह्याहून अधिक तास लागतात.

तिसरी गोष्ट, शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवावी. गुणवत्ता यादीतील पाच छायाचित्रे प्रवेशद्वारावर लागतात. उरलेल्या मुलांचे पुढे काय झाले, कोणी कोणता अभ्यासक्रम अर्धवट सोडला, कोणाला कशात समाधान लाभले, हे शाळेला माहीत नसते. ही वही दहा वर्षे प्रामाणिकपणे भरली तर तिच्याइतका उत्तम मार्गदर्शक दुसरा नाही.

चौथी गोष्ट, शाळेच्या व धर्मग्रामाच्या सभागृहात कोणाला बोलावयाचे ह्याचा नियम असावा. आपल्याला मोबदला कोठून मिळतो हे जो स्पष्ट सांगणार नाही, त्याला व्यासपीठ देऊ नये.

पाचवी गोष्ट आम्हा धर्मगुरूंसाठी व धर्मग्रामातील संघटनांसाठी आहे. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, बँक कर्मचारी, जहाजावरील अधिकारी, वकील, शिक्षिका अशी कितीतरी माणसे दर रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसतात. एखाद्या मुलाला एक दिवस आपल्या कामाच्या ठिकाणी सोबत नेण्याइतका वेळ त्यांतील अनेकजण आनंदाने देतील. त्यांना कोणी विचारावयास हवे.

शिक्षणावरील व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्याला २८ ऑक्टोबर २०२५ रोजी साठ वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त पोप लिओ चौदावे ह्यांनी लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात, माणूस म्हणजे कौशल्यांचा तक्ता नव्हे, त्याला चेहरा आहे, कथा आहे आणि पाचारणही आहे, ह्या आशयाची आठवण करून दिली आहे. आपण ‘पाचारण’ हा शब्द बहुधा सेमिनरीत जाणाऱ्या मुलापुरताच राखून ठेवतो. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या मुलालाही पाचारण असते. ते ओळखण्यासाठी त्यांच्यासोबत कोणीतरी बसावे लागते.

२०२४ साली माझ्या कार्यालयात मान खाली घालून बसलेली ती मुलगी पुढे जिद्दीने शिकली. तिचा धाकटा भाऊ आता नववीत आहे. परवा त्याची आई पुन्हा आली होती. ह्या खेपेस तिच्या हाती गुणपत्रिका नव्हती, कोरी वही होती. “फादर, आत्तापासून काय काय विचारायचं ते सांगा,” ती म्हणाली. मी तिला मुलाच्या शाळेत पाठविले. तेथे तिला उत्तर देणारी व्यक्ती भेटावी, ही जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.

— संपादक